ब्लोअर फक्त चारवरच चालतोय? मोटर बदलण्याआधी हा छोटा भाग तपासा

बेळगाव : पावसाळा लागला की बेळगाव-गोवा मार्गावर चालकांची खरी परीक्षा चोर्ला घाटात होते. जांबोटी मागे पडून गाडी कणकुंबीकडे निघाली की पाऊस आणि धुके दोन्ही एकदमच गाठतात. बाहेर वायपर चालू असतो, पण काच आतून पांढरी होत जाते. चालकाचा हात ब्लोअरच्या बटणाकडे जातो. एकवर टाकले, हवा नाही. दोनवर नाही, तीनवरही नाही. चारवर टाकल्यावर मात्र ब्लोअर घों करून सुटतो. आतली मंडळी गारठतात, आवाजाने बोलणे ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा बटण बंद केले जाते आणि काच पुन्हा भरते.

सीमाभागातील गॅरेजमध्ये पावसाळ्यात ही तक्रार हमखास येते. बऱ्याच वेळा गाडीमालकाला उत्तर मिळते, "काका, मोटर गेली. नवीन घालूया." मोटर आणि मजुरी मिळून बिल हजारांत जाते. प्रत्यक्षात जी मोटर चारवर जोरात फिरते, ती जळालेली कशी असेल? दोष असतो तो बहुतेक वेळा रेझिस्टर नावाच्या हाताच्या पंजाएवढ्या भागात. छोट्या गाड्यांसाठी तो साधारण काहीशे रुपयांत मिळतो. थोडी हत्यारे आणि तासाभराचा वेळ असेल, तर तो घराच्या अंगणातही बदलता येतो.

रेझिस्टर करतो काय?

जुन्या घरांत छताच्या पंख्याला लाकडी पाटीवर बसवलेला मोठा, चौकोनी रेग्युलेटर असायचा. पंखा एक-दोनवर ठेवला की त्या डब्याला हात लावल्यावर गरम लागायचे. पाचवर मात्र तो फारसा तापत नसे. कारण कमी वेगावर वीज आतल्या तारेच्या वेटोळ्यातून जायची आणि त्या वेटोळ्यात काही वीज उष्णता होऊन संपायची. पाचवर वीज थेट पंख्याला मिळायची.

गाडीतील ब्लोअरचे काम अगदी तसेच चालते. रेझिस्टरमध्ये सहसा तीन वेटोळी म्हणजे कॉइल एकापुढे एक जोडलेल्या असतात. बटण एकवर असताना वीज तिन्ही कॉइलमधून जाते, म्हणून मोटर सावकाश फिरते. दोनवर ती दोन कॉइलमधून जाते आणि तीनवर एकाच कॉइलमधून. चारवर रेझिस्टरचा संबंधच राहत नाही, बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज थेट मोटरला मिळते. त्यामुळेच रेझिस्टर पूर्ण गेला तरी चार नंबर चालू राहतो.

या कॉइल चांगल्याच तापतात. हिशेब सोपा आहे. समजा १ ओहमच्या कॉइलमधून ६ अँपिअर वीज जात आहे, तर तिथे ३६ वॉट उष्णता तयार होते. इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीसाठी वापरतात ती साधी सोल्डरिंग गन २५ वॉटची असते. म्हणजे डॅशबोर्डच्या आत तिच्यापेक्षा जास्त उष्णता सतत तयार होत असते. म्हणून कंपनी हा भाग मुद्दाम ब्लोअरच्या हवेच्या वाटेत बसवते. जी हवा आपल्या अंगावर येते, तीच वाटेत रेझिस्टरला गार करत येते.

हवा कमी पडली आणि कॉइल जास्त तापल्या तर आग लागू नये म्हणून बहुतेक रेझिस्टरवर एक थर्मल फ्यूज असतो. विजेवर चालणाऱ्या भाताच्या कुकरमध्ये असतो, त्याच जातीचा. ठरावीक तापमान ओलांडले की तो आतून तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. हा फ्यूज तीनही वेगांच्या समाईक वाटेवर असल्यामुळे तो गेला की एक, दोन, तीन एकदमच बंद पडतात.

नुसत्या बटणावरून निदान

हत्यार हातात घेण्यापूर्वी गाडीत बसून चावी ऑन करावी आणि बटण एकेक नंबरवर फिरवून पाहावे. अर्धे निदान इथेच होते.

फक्त चार चालतो, बाकी तीनही बंद : रेझिस्टरचा थर्मल फ्यूज किंवा समाईक कॉइल तुटलेली असण्याची शक्यता सर्वात जास्त.

तीन आणि चार चालतात, एक-दोन बंद : मधली कॉइल तुटलेली.

फक्त एक बंद, बाकी चालतात : शेवटची कॉइल तुटलेली.

एक चालतो, पण मधला दोन किंवा तीन बंद : इथे बरेच जण फसतात. एकवर वीज सगळ्या कॉइलमधून जाते. एक चालतो याचा अर्थ कॉइल शाबूत आहेत. दोष बटणाच्या आतल्या कॉन्टॅक्टमध्ये, वायरमध्ये किंवा प्लगमध्ये शोधावा. रेझिस्टर बदलून पैसे वाया जातील.

एक ते तीन चालतात, चार बंद : चार नंबरची वेगळी वाट असते. बटण, त्या वाटेवरचा रिले किंवा वायर तपासावी.

एकही नंबर चालत नाही : आधी फ्यूज पाहावा, मग रिले, अर्थिंग आणि शेवटी मोटर.

आणखी एक गैरसमज आहे. ब्लोअर बंद असताना अनेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, कारण एसीच्या बटणाला वीज ब्लोअरच्या बटणामार्फत मिळते. त्यामुळे 'एसी बिघडला, गॅस भरावा लागेल' असे समजून वेगळाच खर्च केला जातो. चारवर टाकल्यावर एसी थंड हवा देत असेल तर गॅसचा प्रश्न नाही.

मात्र ज्या गाड्यांत तापमान आकड्यात ठरवायचे ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असते, त्यांत सहसा कॉइलचा रेझिस्टर नसतो. वेग ठरवण्यासाठी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. पुढची माहिती चार-पाच नंबरचे फिरवायचे बटण असलेल्या साध्या गाड्यांसाठी आहे. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही न उघडता सर्व्हिस सेंटरलाच दाखवावी.

घरी काम करताना

लागणारी हत्यारे फारशी नाहीत : स्टार स्क्रूड्रायव्हर, ८ आणि १० नंबरचे पाने, टॉर्च, साधा डिजिटल मल्टीमीटर, जुना टूथब्रश आणि इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे.

१. ब्लोअर नुकताच चालवला असेल तर रेझिस्टर पूर्ण गार होऊ द्यावा. चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमध्ये प्रवाशाची एअरबॅग असेल, तर बॅटरी सोडवल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच पुढे जावे. पिवळ्या रंगाचे प्लग आणि वायर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नये.

२. बहुतेक गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स उघडून आतले सामान काढावे. कित्येक छोट्या गाड्यांत बॉक्सच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली लोंबतो. काही गाड्यांत स्क्रू असतात. जोर लावू नये, जुने प्लास्टिक पटकन तुटते.

३. मागे गोल डबा दिसतो, तो ब्लोअर. त्याच्या शेजारी हवेच्या नळीवर दोन स्क्रूंनी बसवलेला आणि चार-पाच वायरींचा प्लग असलेला छोटा भाग म्हणजे रेझिस्टर. मोटरचा प्लग सहसा दोन वायरींचा असतो, त्यामुळे गोंधळ होत नाही. तरीही काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

४. प्लगची क्लिप दाबून तो सरळ ओढावा. वायर धरून ओढू नये. प्लग निघताच त्याच्याकडे नीट पाहावे. प्लास्टिक वितळले आहे का, पिन काळी किंवा हिरवी पडली आहे का? मग दोन स्क्रू काढून रेझिस्टर बाहेर घ्यावा. कॉइलवर पानांचा चुरा, माती किंवा उंदराने आणलेला कापूस अडकलेला असेल तर दुखण्याचे मूळ तिथेच आहे.

५. मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवावा. आधी दोन्ही टोके एकमेकांना लावावीत. शून्याऐवजी काही अंश आकडा दिसतो, तो मीटरच्या वायरींचा असतो. पुढच्या प्रत्येक मापातून तेवढा वजा करावा.

६. आता रेझिस्टरच्या पिनांच्या जोड्या एकेक करून मोजाव्यात. कॉइल एकापुढे एक असल्यामुळे चांगल्या रेझिस्टरमध्ये प्रत्येक जोडीत आकडा मिळतो, तोही छोटा, ओहमच्या काही अंशांपासून तीन-चार ओहमपर्यंत. एखाद्या जोडीत पडद्याच्या डाव्या कडेला नुसता १ किंवा 'ओएल' ही अक्षरे दिसली, तर ती वाट तुटलेली आहे. थर्मल फ्यूज वेगळा दिसत असेल तर त्याच्या दोन्ही टोकांवरही मोजावे. चांगला फ्यूज जवळपास शून्य दाखवतो.

सगळी मापे ठीक आली तर रेझिस्टर बदलण्यात अर्थ नाही. दोष बटणात किंवा वायरिंगमध्ये आहे. त्यासाठी चालू विजेवर तपासणी करावी लागते. काही गाड्यांत बटण प्लस बाजू जोडते, तर काहींत अर्थ बाजू. हे ठाऊक नसेल तर ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.

बदलायचा की दुरुस्त करायचा?

सर्वात सरळ मार्ग म्हणजे नवीन रेझिस्टर. जुना भाग सोबत घेऊन स्पेअर्सच्या दुकानात जावे. मॉडेल, वर्ष सांगावे आणि पिनांची संख्या व प्लगचा आकार जुळवूनच घ्यावा. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळा भाग आलेला असतो. नवीन भाग घरी आणल्यावर बसवण्यापूर्वी त्याचीही मीटरवर मापे घ्यावीत.

कॉइल शाबूत असून फक्त थर्मल फ्यूज गेला असेल तर तो एकटा बदलता येतो. इलेक्ट्रॉनिक भागांच्या दुकानात तो अगदी थोड्या पैशांत मिळतो. पण दोन गोष्टी जुळल्याच पाहिजेत, त्याच्यावर छापलेले तापमान आणि अँपिअर. अंदाजाने घेतलेला जास्त तापमानाचा फ्यूज वेळेवर तुटणार नाही.

फ्यूज जोडतानाही एक अडचण आहे. बाजारातली साधी सोल्डरिंग तार साधारण १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळते. रेझिस्टर तापल्यावर तो जोड मऊ होऊन सुटू शकतो. शिवाय सोल्डरिंगची उष्णता थेट फ्यूजमध्ये शिरली तर नवा फ्यूज तिथेच मरतो. म्हणून धातूची छोटी नळी दाबून, म्हणजे क्रिंप करून जोडणे जास्त टिकाऊ. सोल्डर करण्यावाचून पर्याय नसेल तर जोड आणि फ्यूज यांच्यामध्ये फ्यूजची तार नोज प्लायरने धरावी, म्हणजे उष्णता पक्कडीत जाते. हे जमणार नसेल तर पूर्ण रेझिस्टरच बदलावा. तुटलेली कॉइल पिळून जोडू नये, आणि ज्या रेझिस्टरमध्ये कॉइलऐवजी चपटी पट्टी असते, त्याची दुरुस्ती होत नाही.

हा जुगाड मुळीच नको

थर्मल फ्यूज गेला की त्याच्या दोन्ही टोकांना तारेचा तुकडा जोडून काम भागवण्याची सवय काही ठिकाणी आहे. दोन मिनिटांत सगळे नंबर चालू होतात, गाडीमालक खूश. पण फ्यूज का तुटला होता, ते कारण तसेच राहते. पुढच्या वेळी मोटर अडकली किंवा हवा बंद झाली की कॉइल तापत जाईल आणि तिला थांबवणारे काही नसेल. भोवती प्लास्टिकची नळी, त्यात वाळलेली पाने, कधी उंदराचा कापूस. डॅशबोर्डच्या आत आग लागायला एवढे पुरते. कुटुंब घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीत हा धोका पत्करण्यासारखा नाही. सेकंडहँड गाडी घेताना डॅशबोर्डमधून जळका वास येत असेल तर हा भाग आवर्जून उघडून पाहावा.

तसेच जळालेला प्लग फेकून वायरी पिळून त्यांच्यावर टेप गुंडाळणे हेही चुकीचे. सैल जोडावर वीज अडते, जोड तापतो आणि टेप वितळते. नवीन प्लग वायरींच्या तुकड्यासह तयार मिळतो, तोच लावावा.

मूळ कारण शोधले नाही तर खर्च दुप्पट

नवीन रेझिस्टर दोन-तीन महिन्यांत पुन्हा गेला अशी तक्रार ऐकू येते. दरवेळी माल डुप्लिकेट असतो असे नाही. रेझिस्टर जळण्यामागे सहसा चार कारणे असतात.

पहिले, केबिन फिल्टर. खानापूर तालुक्यातील तांबड्या मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर भरतो. हवा कमी झाली की रेझिस्टर गार होत नाही. फिल्टर काढून उजेडासमोर धरावा, पलीकडचे दिसत नसेल तर बदलावा. काही स्वस्त मॉडेलमध्ये फिल्टरच नसतो. तिथे पाने थेट पंख्यापर्यंत जातात.

दुसरे, अडकलेली मोटर. बुश झिजले किंवा पंख्यात कचरा अडकला की मोटर जास्त अँपिअर ओढते आणि तो भार रेझिस्टरवर येतो. बॅटरी सोडलेली असतानाच पंखा हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला पाहिजे. जड लागत असेल, घासल्याचा आवाज येत असेल किंवा चालताना किरकिर होत असेल, तर इथे मात्र मोटरवर खर्च करणे भाग आहे.

तिसरे, पाणी. काचेखाली, वायपरजवळ जाळी असते. कॅम्प, टिळकवाडीसारख्या भागात मोठ्या झाडाखाली गाडी लावली की त्या जाळीत पाने साचतात आणि पाणी जाण्याची वाट बुजते. मुसळधार पावसात ते पाणी ब्लोअरमध्ये उतरते. डाव्या बाजूचे मॅटिंग ओले लागत असेल तर हेच तपासावे. पाऊस सुरू होण्यापूर्वी जाळी साफ करणे हे फुकटातले काम आहे.

चौथे, सैल किंवा गंजलेला प्लग. थोडा गंज क्लीनर आणि ब्रशने निघतो. पिन सैल झाली असेल किंवा प्लास्टिक वितळले असेल तर प्लग बदलावा.

सगळे बसवल्यावर बॅटरी जोडून प्रत्येक नंबरवर ब्लोअर काही मिनिटे चालवावा. मग बंद करून प्लगजवळ हात न्यावा. कोमट लागणे ठीक आहे, चटका बसत असेल किंवा वास येत असेल तर पुन्हा उघडून पाहावे.

घाटातच बंद पडला तर

काच आतून भरते ती आपल्याच श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्पाने. पावसामुळे काच गार असते आणि बाष्प तिच्यावर बसते. एसी हवेतले पाणी काढून घेतो. गाडीखाली टपकते ते हेच पाणी. ती कोरडी हवा काचेवर पोहोचवण्याचे काम ब्लोअरचे. म्हणून पावसाळ्यात एसी आणि ब्लोअर ही चैन नाही.

चार नंबर चालत असेल तर आवाज सहन करून तोच वापरावा. हवेची दिशा काचेकडे, एसी चालू आणि बाहेरची हवा आत घेणारी सेटिंग ठेवावी. काहीच चालत नसेल तर दोन्ही बाजूंच्या काचा दोन-तीन बोटे खाली कराव्यात आणि कोरडे सुती फडके जवळ ठेवावे. हाताने पुसल्यास तेलकट डाग राहतो आणि समोरच्या दिव्यांच्या उजेडात आणखी कमी दिसते. आतून शाम्पूचा अगदी पातळ थर देऊन काच कोरडी पुसून घेतली तर काही काळ धुके कमी धरते. जुने चालक वायपर बंद पडल्यावर काचेवर तंबाखू चोळतात, पण तो उपाय बाहेरच्या पावसासाठी. आतल्या वाफेवर त्याचा उपयोग नाही. दिसतच नसेल तर रुंद जागा पाहून रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबावे. वळणावर थांबू नये.

बिल देताना

स्वतः काम करायचे नसले तरी माहिती असेल तर फसगत टळते. गॅरेजमध्ये गाडी देताना 'ब्लोअर चालत नाही' एवढेच सांगू नये. 'चारवर चालतो, एक ते तीन बंद आहेत' असे सांगावे. मोटर बदलायची म्हटले तर चारवर ती कशी चालते, हे विचारावे. बिलात सुटा भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी आणि काढलेला जुना भाग परत मागावा. प्रामाणिक मेकॅनिक यापैकी कशालाही नाही म्हणत नाही.

आंबोली, चोर्ला, अनमोड या तिन्ही घाटांतून गोवा आणि कोकणात रोज ये-जा करणाऱ्यांनी मे महिन्यातच एकदा ब्लोअरचे सगळे नंबर फिरवून पाहावेत. तपासायला अर्धा मिनिट लागतो. दोष निघाला तर पाऊस येईपर्यंत दुरुस्तीला हातात वेळही राहतो.